खेड्यातल्या मुलांसाठी मॉस्कोत काढलेली शाळा



गाळप हंगाम ऐन भरात असला की आम्हा शेतकी खात्याच्या लोकांना ऊस, तोड आणि वाहन यापलीकडे दुसरे काही सुचत नाही. तरीही गेल्या हंगामातली एक गोष्ट आमच्या मनातून काही जात नाही. आजचा लेख तिच्यामुळेच लिहीत आहोत.

एका फडावर आम्ही तोडीची पाहणी करायला गेलो होतो. आदल्या दिवशीच्या वजनाची पावती मुकादमाच्या हातात होती. सतरा टन सहाशे चाळीस किलो, आणि टोळीत कोयते चौदा. प्रत्येक कोयत्याच्या वाट्याला किती आले, हे काढायला मुकादमाने खिशातून मोबाइल काढला. तो बोटे फिरवतोय तोवर पाचटाच्या ढिगावर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, “एक टन दोनशे साठ किलो, मामा.” मोबाइलनेही तेच सांगितले.

आम्ही विचारले, “बाळ, शाळेत कितवीला?”

“पाचवीला. पण दिवाळीपर्यंतच. मग हितं.”

एवढे बोलून ती भावाला पाणी पाजायला उठली. आम्ही जीपमध्ये बसलो, पण डोक्यात एकच विचार फिरत राहिला. शेतात चांगले बेणे दिसले की आम्ही त्याला खूण करतो, राखून ठेवतो, बेणे मळ्यात नेऊन वाढवतो. या पोरीला खूण कोण करणार?

या प्रश्नावर साठ वर्षांपूर्वी एका देशात फार मोठा प्रयोग झाला. त्या देशात ऊस पिकत नाही, तिथली साखर बीटाची. तो देश म्हणजे सोव्हिएत रशिया. आणि तो प्रयोग म्हणजे खेड्यापाड्यांतल्या व लहान गावांतल्या मुलांसाठी सरकारने काढलेली विज्ञानाची निवासी शाळा. तिचा इतिहास सभासदांना आवडेल अशी खात्री आहे.

शाळा का काढावी लागली?

१९५७ साली रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला आणि सगळे जग चकित झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५८ साली, ख्रुश्चेव्ह यांच्या सरकारने शाळांसाठी नवा कायदा आणला. शाळेची जीवनाशी गाठ घालायची, मुलांनी शिकता शिकता कारखान्यात वा शेतावर काम करायचे, असा त्याचा रोख होता. हेतू वाईट नव्हता. परंतु शास्त्रज्ञांना काळजी वाटू लागली. गणित आणि पदार्थविज्ञान यांचा पाया घालायचे वय हेच, आणि तेवढ्यातच वेळ कापला गेला तर पुढे संशोधक कुठून येणार? त्याच वर्षी झेल्दोविच व साखारोव्ह या दोन नामवंत शास्त्रज्ञांनी ‘प्रावदा’ या वर्तमानपत्रात लेख लिहून गणित-विज्ञानाच्या खास शाळा काढण्याची मागणी केली.

त्यानंतर मॉस्कोत गणिताचे खास वर्ग सुरू झालेही. पण ते शहरातल्या मुलांना. ज्या मुलाचे घर शाळेपासून बसच्या अंतरावर आहे, त्यालाच त्याचा उपयोग. शेकडो मैलांवरच्या खेड्यातल्या मुलाने काय करायचे? तिथे गणिताला शिक्षक आहे की नाही इथून सुरुवात! आपल्याकडे ‘कालव्याच्या शेवटाला पाणी पोचत नाही’ ही तक्रार जुनीच आहे. त्यांच्याकडे ज्ञानाच्या बाबतीत तेच झाले होते.

सायबेरियाची शोधमोहीम

पहिले पाऊल सायबेरियाने टाकले. तिथल्या नोव्होसिबिर्स्क शहराच्या दक्षिणेला जंगलात, ओब नदीच्या जलाशयाजवळ, १९५७ पासून एक विज्ञाननगरी वसवली जात होती. तिचे नाव अकादेमगोरोदोक. तिचे प्रमुख होते गणितज्ञ मिखाईल लाव्हरेन्त्येव्ह. हा मोठा माणूस इमारती उभ्या राहीपर्यंत जंगलातल्या साध्या लाकडी घरात राहिला. त्यांच्यापुढे अडचण अशी, की विज्ञाननगरी उभी राहील, पण तिला लागणारी माणसे सगळी मॉस्कोहून किती दिवस आणायची? माणसे इथल्याच मातीतून तयार झाली पाहिजेत.

मग १९६२ साली त्यांनी संपूर्ण सायबेरियासाठी गणित व पदार्थविज्ञानाची स्पर्धा जाहीर केली. पद्धत तीन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात उदाहरणे वर्तमानपत्रांतून छापली आणि शाळांकडे पाठवली. मुलांनी घरी बसून सोडवावीत आणि उत्तरे टपालाने पाठवावीत. वेळेचे बंधन नाही, पुस्तक बघायलाही मनाई नाही. दुसऱ्या टप्प्यात शास्त्रज्ञ स्वतः वेगवेगळ्या जिल्ह्यांत गेले आणि मुलांना समोर बसवून परीक्षा घेतली. तिसऱ्या टप्प्यात निवडक मुलांना उन्हाळ्यात अकादेमगोरोदोकला बोलावले. तिथे शिकवणे, खेळणे, पोहणे आणि पुन्हा परीक्षा. यातून निवडलेल्या मुलांचे वर्ग जानेवारी १९६३ मध्ये सुरू झाले.

आम्हाला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पहिला टप्पा. मुलाने मोठ्या शहरात येऊन अर्ज करावा, अशी वाट बघत ते बसले नाहीत. कागद मुलाच्या दारात गेला.

मॉस्कोची १८ नंबरची शाळा

सायबेरियाचे पाहून बाकीचेही हलले. २३ ऑगस्ट १९६३ रोजी मंत्रिमंडळाने ठराव केला, की मॉस्को, लेनिनग्राड, कीव्ह व नोव्होसिबिर्स्क येथे विद्यापीठांना जोडून अशा निवासी शाळा असाव्यात. त्यातली मॉस्कोची शाळा २ डिसेंबर १९६३ रोजी उघडली. नाव अगदी साधे, निवासी शाळा क्रमांक १८. शहराच्या पश्चिम भागात मुलांच्या राहण्याची व शिकण्याची सोय झाली. मॉस्कोतल्या मुलांना शहरात दुसरे वर्ग होतेच. ही शाळा बाहेरगावच्या मुलांसाठी होती.

शाळेमागे दोन माणसे उभी होती. एक इसाक किकोइन, अणुऊर्जेच्या कामातले मोठे पदार्थवैज्ञानिक. दुसरे आंद्रेई कोल्मोगोरोव्ह. या दुसऱ्या गृहस्थांविषयी जरा सांगितले पाहिजे.

कोल्मोगोरोव्ह यांचा जन्म १९०३ चा. बाळंतपणातच आई गेली आणि मावशांनी त्यांना यारोस्लाव्हलजवळच्या तुनोश्ना या खेड्यात वाढवले. घरातच मावशांनी आजूबाजूच्या मुलांसाठी छोटीशी शाळा चालवली होती. पाच-सहा वर्षांचा असताना या पोराच्या लक्षात आले, की १ आणि ३ मिळून ४ होतात, म्हणजे २ चा वर्ग. १, ३ आणि ५ मिळून ९, म्हणजे ३ चा वर्ग. त्यात ७ मिळवा, १६ होतात. हे असेच पुढे चालते. कुणी शिकवले नव्हते, त्याचे त्यालाच दिसले. त्यांनी पुढे १९३३ मध्ये संभाव्यतेच्या गणिताचा पाया असा पक्का घातला, की आज जगभर त्यावरच काम चालते. १९६२ मध्ये ते आपल्या देशातही, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, येऊन गेले होते.

आम्हा शेतकी लोकांना त्यांच्याविषयी जास्त आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. रशियात त्या वेळी लिसेंको नावाच्या माणसाचा दरारा होता. आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियमच खोटे, असे त्याच्या गोटाचे म्हणणे. त्याच गोटातल्या एका संशोधिकेने प्रयोगाचे आकडे दाखवून मेंडेल चूक ठरवला. कोल्मोगोरोव्ह यांनी १९४० मध्ये तेच आकडे घेऊन गणिताने दाखवून दिले, की हे आकडे मेंडेलच्या बाजूनेच बोलतात. त्या काळी असे लिहायला छाती लागत होती. कोइमतूरला संकर करून निघालेले उसाचे वाण आपण आज लावतो, ते आनुवंशिकतेच्या शास्त्रावरच उभे आहेत, हे सभासदांना सांगायला नको.

शिकवत कसे होते?

शाळा उघडली तेव्हा कोल्मोगोरोव्ह साठ वर्षांचे होते. जगभर मान होता, आता बसून सत्कार घ्यायचे वय. त्यांनी मात्र पुढची सुमारे पंधरा वर्षे या पोरांना शिकवण्यात घातली. अभ्यासक्रम स्वतः आखला, टिपणे स्वतः लिहिली.

मुले शेवटच्या दोन वर्षांसाठी येत. शिकवण्याची पद्धत विद्यापीठासारखी होती. आधी सगळ्यांना मिळून व्याख्यान, नंतर लहान गटांत बसून उदाहरणे सोडवायची, कुठे अडले तर शिक्षक जवळच. शिकवायला विद्यापीठातली माणसे येत, त्यांत तरुणही पुष्कळ. व्लादिमीर आर्नोल्ड हे पुढे जगप्रसिद्ध झालेले गणितज्ञ त्यांपैकीच एक. त्यांनी १९६३-६४ मध्ये इथल्या मुलांना एक अवघड सिद्धता शिकवली. पाचव्या घाताच्या समीकरणाला सर्वसाधारण सूत्र का नाही, याची ती सिद्धता. हा विषय एरवी कॉलेजच्या वरच्या वर्गातला. समोर बसलेल्यांतल्या अलेक्सेयेव्ह नावाच्या विद्यार्थ्याने पुढे १९७६ मध्ये त्या व्याख्यानांवर पुस्तकच लिहिले.

कोल्मोगोरोव्ह यांचे व्याख्यान समजायला सोपे नसे, हेही त्यांचे विद्यार्थी सांगतात. पण तास संपला म्हणून गुरुजी घरी गेले, असे नव्हते. संध्याकाळी ते मुलांना पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या ऐकवत, साहित्यावर बोलत. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन लांबवर पायी जात आणि थंडीत बर्फावरून स्कीइंग करत. नुसते गणित करणारा माणूस त्यांना घडवायचा नव्हता.

शाळेचे नाव लवकरच झाले. १९६३-६४ मध्ये इथे शिकलेल्या युरी मातियासेविच यांनी १९७० मध्ये, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, ‘हिल्बर्टचा दहावा प्रश्न’ निकाली काढला. हा प्रश्न १९०० सालापासून गणितज्ञांना छळत होता. खरे तेच सांगायचे तर मातियासेविच खेड्यातले नव्हेत, ते लेनिनग्राड शहरातले. पण त्यांच्या शेजारच्या बाकांवर लहान गावांतून आलेली कितीतरी मुले होती. ती पुढे प्राध्यापक, संशोधक, इंजिनियर झाली.

ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचे काय?

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. निवासी शाळेत जागा मूठभर. एक मूल घेतले की दहा मागे राहतात. त्या दहांना वाऱ्यावर सोडायचे का?

याचे उत्तर दुसऱ्या एका गणितज्ञाने दिले, इस्राएल गेल्फांद यांनी. गेल्फांद युक्रेनमधल्या लहानशा गावचे. त्यांचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. पण बुद्धी अशी, की १९३२ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मॉस्को विद्यापीठाने त्यांना थेट संशोधनाला घेतले आणि मार्गदर्शक होते हेच कोल्मोगोरोव्ह! ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाही, त्यालाच शाळा नसलेल्यांची आठवण राहिली. गेल्फांद यांनी १९६४ मध्ये टपालाने चालणारी गणिताची शाळा काढली. मुलाने आपल्या गावीच राहायचे. धडे आणि उदाहरणे टपालाने येणार, सोडवलेली वही टपालाने जाणार. विद्यापीठातले विद्यार्थी ती तपासून, चूक कुठे झाली ते लिहून परत पाठवणार.

त्यात आणखी एक सोय होती. एकट्या मुलाला जमत नसेल तर गावच्या शाळेतल्या चार-सहा मुलांनी आपल्या शिक्षकासह गट करायचा आणि सगळ्यांनी मिळून एकच वही पाठवायची. गटालाही एकच ‘विद्यार्थी’ धरत. म्हणजे आपली सहकाराचीच पद्धत झाली.

पुढे जानेवारी १९७० पासून किकोइन व कोल्मोगोरोव्ह यांनी ‘क्वांत’ नावाचे मासिक सुरू केले. ते शाळकरी मुलांसाठी होते, पण लिहिणारे पहिल्या फळीतले शास्त्रज्ञ. त्या दशकात त्याच्या प्रती लाखांच्या घरात गेल्या. त्या काळी रशियाच्या मीर प्रकाशनाची गणित-विज्ञानाची स्वस्त पुस्तके आपल्याकडेही मिळत. गेल्फांद यांनी टपालशाळेसाठी लिहिलेली छोटी पुस्तके भारतातल्याही अनेकांनी वाचली आहेत. आम्हाला कृषी पदविकेच्या वेळी असेच एक जुने पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळाले होते. आलेख म्हणजे काय ते आम्हाला शाळेत कळले नव्हते, त्या पुस्तकात कळले. आमच्या शाळेचे नाव सांगत नाही, पण तिथे प्रयोगशाळेचे कपाट होते आणि त्याला कुलूप होते. किल्ली कुणाकडे, हे दहावीपर्यंत समजले नाही.

चुका झाल्या त्याही सांगू

एकच बाजू सांगणे बरे नव्हे. समतेच्या देशात निवडक मुलांची वेगळी शाळा कशाला, असा आक्षेप पहिल्यापासून होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही.

दुसरे असे, की याच कोल्मोगोरोव्ह यांनी देशभरातल्या सर्व शाळांसाठी गणिताचा नवा अभ्यासक्रम व पुस्तके आणली. ती सामान्य मुलांना आणि शिक्षकांना फार जड गेली. डिसेंबर १९७८ मध्ये विज्ञान अकादमीच्या गणित विभागानेच नापसंती नोंदवली. बेणे मळ्यात जो खताचा डोस चालतो, तोच माळरानाला दिला तर पीक जळते, हे आम्ही सभासदांना नेहमी सांगतो. एवढ्या थोर माणसालाही त्याचा फटका बसला.

तिसरी गोष्ट जास्त दुःखाची. सत्तरच्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात प्रवेश देताना यहुदी मुलांना मुद्दाम अवघड प्रश्न घालून पाडण्यात येई. हे काम शाळेचे नव्हे, विद्यापीठाच्या परीक्षकांचे. पण धडा सर्वांना आहे. वजनकाट्यावर बसलेल्या माणसाचे मन साफ नसेल, तर काटा कितीही चांगला असून उपयोग नाही.

१९८७ मध्ये कोल्मोगोरोव्ह वारले. पुढल्या वर्षी, १९८८ मध्ये, शाळा मॉस्को विद्यापीठाचे विशेष शिक्षण केंद्र झाली आणि १९८९ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, पैशाची ओढाताण झाली, बरीच हुशार माणसे परदेशी गेली. पण शाळा बंद पडली नाही. मॉस्कोची आणि नोव्होसिबिर्स्कची, दोन्ही आजही चालू आहेत.

आपण काय घ्यायचे?

आपल्या देशातही अशा विचाराची एक सोय आहे, ती म्हणजे जवाहर नवोदय विद्यालये. ही केवळ विज्ञानाची नव्हेत, पण खेड्यातल्या हुशार मुलांसाठीच आहेत. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन निघाली, त्यांतले एक आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला आणि दुसरे हरियाणात झज्जरला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना असतात. राहणे-जेवण मोफत. प्रवेश सहावीला, परीक्षा मूल पाचवीत असताना. सभासदांनी मूल पाचवीत गेले की शाळेत चौकशी करावी. सहावीत गेल्यावर फॉर्म घेऊन आलात तर उपयोग नाही. दरवर्षी दोघे-तिघे असे येतातच, म्हणून ठळक सांगतो.

पण त्या मुलीचे काय, हा प्रश्न उरतोच. नवोदयच्या परीक्षेला तिसरी, चौथी व पाचवी ही वर्षे मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. जिचे अर्धे वर्ष फडात जाते, तिचे वर्ष पूर्ण कसे व्हायचे? बापाने गावी ठेवावे म्हटले तर घरी म्हातारी एकटी, आणि इथे आणले तर भावाला सांभाळायला तीच. आपण तिच्या आईबापाने तोडलेल्या उसाचे बिल घेतो, म्हणून हा प्रश्न काही अंशी आपलाही आहे. उसाला जात असते. को ८६०३२ ची कांडी ओळखायला आम्हाला क्षणभर लागतो. मुलाच्या बुद्धीला जात नसते, ती कुठल्याही पाचटाच्या ढिगावर बसलेली सापडते. तिला शोधायला जावे लागते.

शाळा काढणे आमच्या हातात नाही. पण सायबेरियातला पहिला टप्पा आपल्याला झेपणारा आहे. ही पत्रिका सभासदांच्या घरोघरी जाते. म्हणून आम्ही कार्यकारी संचालक साहेबांना लेखी विनंती केली आहे, की पुढील अंकापासून शेवटच्या पानावर मुलांसाठी पाच उदाहरणे छापावीत. उत्तरे प्रत्येक गट ऑफिसातल्या पेटीत टाकावीत. टोळ्यांच्या तळावर आमचे चिटबॉय कागद नेऊन देतील व परत आणतील. तपासायला परिसरातल्या हायस्कुलांचे गणिताचे गुरुजी-बाई मदत करतील अशी आशा आहे. जिचे उत्तर बरोबर येईल तिच्या मुकादमाशी आणि वडिलांशी बसून बोलण्याचे काम आमचे.

सुरुवात आजच करू. फडात ५० मोळ्या आहेत. दोघे जण आळीपाळीने उचलतात. एका वेळी कमीत कमी १ व जास्तीत जास्त ४ मोळ्या उचलायच्या. शेवटची मोळी जो उचलेल तो जिंकला. तुम्हाला हमखास जिंकायचे असेल तर पहिली पाळी घ्याल की दुसरी? आणि का?

नुसते उत्तर नको, कारण लिहून पाठवा. मोठ्यांनी मुलांना उत्तर सांगू नये, ही नम्र विनंती.